घरासाठी चेनसॉ निवडताना: चालण्याआधी पडून राहण्याचा विचार

घरासाठी चेनसॉ, म्हणजे साखळीची यांत्रिक करवत, घ्यायला निघालेला माणूस सहसा ताकदीपासून सुरुवात करतो. इंजिन किती सीसीचे आहे, बार, म्हणजे साखळी जिच्याभोवती फिरते ती पट्टी, किती लांब आहे, केवढा जाड ओंडका कापता येईल, हे त्याचे पहिले प्रश्न असतात. मीही पहिल्या खेपेस हेच प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरे चोख देणारी पेट्रोलवरची एक करवत घरी आणली. पहिल्या वर्षी तिने मनाजोगे काम केले. दुसऱ्या वर्षी एका वादळी रात्री घरासमोरच्या झाडाची मांडीएवढी जाड फांदी मोडून वाटेवर आडवी पडली. सकाळी करवत काढून दोरी ओढू लागलो, तर पंचवीस-तीस वेळा ओढूनही इंजिनाने एकदाही दाद दिली नाही. ती फांदी अखेर हातकरवतीने कापावी लागली आणि त्यात अर्धा दिवस गेला.

त्यानंतरच्या काही वर्षांत मी विजेच्या तारेवर चालणारी, बॅटरीवरची आणि पेट्रोलवरची अशा तिन्ही प्रकारच्या करवती वापरल्या, आणि आता माझे मत पक्के झाले आहे. लाकूडतोड हाच ज्याचा व्यवसाय आहे त्याची करवत रोज चालते, आणि रोज चालणाऱ्या यंत्राचे दोष त्याच दिवशी लक्षात येतात. घरातली करवत मात्र वर्षातले तीनशेहून अधिक दिवस कोपऱ्यात पडून असते आणि तिची गरज लागते ती अचानक. म्हणून घरगुती करवतीचा भरवसा ती किती जोरात कापते यावर जोखता येत नाही. चार महिने हात न लावता ठेवल्यावर ती किती सहज सुरू होते आणि सुरू झाल्यावर तिची साखळी धारदार आहे का, यावरच तो ठरतो. पुढचे सगळे विवेचन याच कसोटीवर केले आहे.

ती बंद पडलेली करवत दुरुस्तीला दिली तेव्हा मेकॅनिकने माझ्यासमोरच कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, उघडला. झाकण निघाल्यावर आत नखाएवढी बारीक जाळी दिसली आणि तिच्यावर वाळलेल्या मधासारखा पिवळट-तपकिरी थर बसलेला होता. शेजारचा पातळ पडदा बोटाने दाबला की एरवी सहज लवतो, तो कडक होऊन कडेने आक्रसला होता. इंजिनात मुळीच बिघाड नव्हता. टाकीत उरलेल्या पेट्रोलने हे केले होते. पेट्रोल साठून राहिले की त्यातले हलके घटक हळूहळू उडून जातात आणि मागे राळेसारखा चिकटा उरतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असेल तर ते हवेतला ओलावा ओढून घेते, आणि पाण्याचे प्रमाण वाढले की पाणी व इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात. इंधन ओढून घेणारी नळी नेमकी त्याच तळाशी असते. बहुतेक उत्पादक १० टक्क्यांपर्यंतचे इथेनॉल चालेल असे सांगतात आणि तेल मिसळून ठेवलेले पेट्रोल साधारण ३० दिवसांत संपवावे अशी सूचना करतात. ही सूचना पुस्तिकेच्या मागच्या पानांत असते आणि घरगुती ग्राहकापर्यंत ती क्वचितच पोहोचते. माझ्या मते ती खोक्याच्या झाकणावरच छापायला हवी.

तेव्हा पहिला प्रश्न असा की वर्षातून किती दिवस करवत हातात घ्यावी लागणार आहे. पाच-सात दिवसच काम असेल आणि तेही घराच्या आसपास, तर विजेच्या तारेवर चालणारी करवत हा सर्वांत खात्रीचा पर्याय आहे, असे मी विचारपूर्वक म्हणतो. तिला लोक कमी लेखतात, कारण तिचा आवाज इंजिनासारखा भारदस्त नसतो आणि मागे तार ओढत न्यावी लागते. पण १८०० ते २००० वॅटची करवत ३५ ते ४० सेंटिमीटरचा बार व्यवस्थित ओढते, तिला कार्ब्युरेटर नसतो, स्पार्क प्लग नसतो, आणि वर्षभराने जोडणी करून कळ दाबली तरी ती पहिल्या दिवसासारखीच फिरते. तिची खरी अडचण तारेची आहे, आणि ही अडचण केवळ तार पायात येण्याची नाही. बारीक, लांबलचक तार वापरली की मोटरपर्यंत पोहोचणारा विद्युतदाब घटतो, मोटर तापते आणि दोष मात्र करवतीला दिला जातो. पंचवीस मीटरपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची आणि त्याहून लांब असल्यास अडीच चौरस मिलिमीटरची तार असावी, ती रिळावर गुंडाळलेली न ठेवता पूर्ण उलगडलेली असावी, आणि जोडणीत ३० मिलिअँपिअरच्या गळतीला तुटणारा सुरक्षा स्विच असावा. ओल्या जागी किंवा पावसात ही करवत मुळीच वापरू नये. वादळानंतर बऱ्याचदा वीजच गेलेली असते, हाही एक मुद्दा आहे, आणि ज्यांना करवत मुख्यतः अशाच प्रसंगासाठी हवी आहे त्यांना तो दुर्लक्षून चालणार नाही.

बॅटरीवरच्या करवतींनी गेल्या काही वर्षांत घरगुती वापराचे चित्र बदलून टाकले आहे. कळ दाबली की साखळी फिरते आणि बोट उचलले की थांबते. दोन कापांमधल्या वेळेत यंत्र अगदी गप्प असते, त्यामुळे शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोलता येते आणि फांदी कुरकुरू लागली तर ते ऐकूही येते. हा शेवटचा फायदा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण ताणाखाली असलेले लाकूड फुटण्याआधी बहुधा आवाज करते. या करवतींची तुलना करताना नुसत्या व्होल्टच्या आकड्यावर विसंबू नये. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार केला की बॅटरीत साठवलेली ऊर्जा वॅट-तासांत मिळते, आणि काम किती वेळ चालेल हे त्यावर ठरते. ३६ व्होल्ट आणि ४ अँपिअर-तासांच्या बॅटरीत १४४ वॅट-तास असतात, तर १८ व्होल्टच्या ४ अँपिअर-तासांच्या बॅटरीत त्याच्या निम्मे. मकिताच्या काही करवतींत १८ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकदम बसतात आणि मिळून ३६ व्होल्ट देतात. ज्याच्या घरी त्याच कंपनीचे ड्रिल किंवा गवत कापण्याचे यंत्र आधीच आहे त्याला ही सोय फार उपयोगी पडते, कारण बॅटऱ्या इतर कामांत फिरत्या राहतात आणि पडून राहून खराब होत नाहीत. ईगोने ५६ व्होल्टची मालिका काढली आहे, आणि स्टिल व हुस्कवर्ना या दोघांच्याही ३६ व्होल्टच्या घरगुती मालिका आहेत. यातली कोणतीही घेतली तरी मोटर ब्रशलेस, म्हणजे आत घासून झिजणारे कार्बनचे ब्रश नसलेली, आहे ना आणि तीच बॅटरी पाच-सहा वर्षांनी मिळेल असे दिसते ना, एवढे पाहावे. बॅटरी हा या यंत्राचा सर्वांत महाग आणि सर्वांत आधी म्हातारा होणारा भाग आहे.

बॅटरीची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. मनगट ते मांडीएवढ्या जाडीच्या फांद्या, पडलेले एखादे मध्यम झाड, कुंपणाचे खांब, थोडेफार जळण, एवढे काम दोन बॅटऱ्यांत समाधानाने होते. पण दिवसभर बसून वर्षाच्या जळणाचे ओंडके पाडायचे असतील तर बॅटरी चार्ज होण्याची वाट पाहण्यातच दिवस जातो, आणि तिथे पेट्रोलला पर्याय नाही.

पेट्रोलच्या करवतीत घरगुती ग्राहकासमोर काही नावे हमखास येतात: स्टिलच्या एमएस १७० आणि एमएस १८०, हुस्कवर्नाची १२० आणि इकोची सीएस-३१०. एमएस १७० चे इंजिन ३०.१ सीसीचे आहे, एमएस १८० चे ३१.८ सीसीचे, सीएस-३१० चे ३०.५ सीसीचे आणि हुस्कवर्ना १२० चे ३८.२ सीसीचे. या आकड्यांवरून हुस्कवर्ना १२० बरीच जोरकस असेल असे वाटते, पण तिची आणि एमएस १८० ची शक्ती दोन्हीकडे सुमारे १.४ किलोवॅट आहे, आणि वजनात मात्र हुस्कवर्ना १२० सुमारे पाऊण किलोने जड आहे. सीसी म्हणजे सिलिंडरचे आकारमान, शक्ती नव्हे, हे यावरून ध्यानात यावे. तुलना करायची तर किलोवॅट आणि किलो हे दोन आकडे शेजारी ठेवून करावी. हे वजन बार आणि साखळी सोडून छापलेले असते, तसेच टाक्या रिकाम्या धरून, म्हणजे प्रत्यक्ष हातात येणारे वजन एखाद-दीड किलोने जास्त असते. तासाभराने मनगटाला हा फरक चांगलाच जाणवतो.

माझा स्वतःचा कल लहान इंजिनाकडे आहे. ३० ते ३२ सीसीची, चार किलोंच्या आसपासची करवत आणि ३० किंवा ३५ सेंटिमीटरचा बार, एवढ्यात घरगुती कामातले दहापैकी नऊ प्रसंग निभावतात. ज्याला दरवर्षी जाड ओंडक्यांचे जळण करावे लागते त्याने एक पायरी वर चढून हुस्कवर्ना ४३५ किंवा स्टिल एमएस २५० यांच्याकडे पाहावे. पहिलीचे इंजिन ४०.९ सीसीचे आणि दुसरीचे ४५.४ सीसीचे आहे, आणि एमएस २५० आपल्या सुमारे साडेचार किलो वजनात २.३ किलोवॅट शक्ती देते, हे प्रमाण खरोखर उत्तम आहे. मात्र घराच्या अंगणात तिची शक्ती बहुतेक वेळा वाया जाते आणि नवख्या हातात ती जड पडते. झाडावर चढून वापरण्यासाठी केलेल्या, वर मूठ असलेल्या छोट्या करवती दिसायला आटोपशीर असतात म्हणून जमिनीवरच्या कामासाठी त्या घेण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा, कारण त्यांच्या दोन्ही मुठी जवळजवळ असल्याने उसळी आली तर सावरायला पुरेसा आधार मिळत नाही.

बारची लांबी ठरवताना सोपा हिशेब असा की ज्या जाडीचे लाकूड नेहमी कापायचे आहे तिच्यापेक्षा बार पाचेक सेंटिमीटर लांब असावा. मोठा बार म्हणजे मोठी करवत असे समजून छोट्या इंजिनावर लांब बार चढवला की साखळी ओढताना इंजिन दमते, तेल टोकापर्यंत पुरत नाही आणि धार लावायचे दातेही वाढतात.

याच संदर्भात एक अनुभव सांगतो, कारण ही चूक फार जणांकडून होते. पहिली साखळी झिजल्यावर मी दुकानात जाऊन ‘३५ सेंटिमीटरची चेन द्या’ एवढेच म्हणालो. घरी येऊन ती बसवू लागलो, तर ताणाचा स्क्रू शेवटपर्यंत फिरवूनही साखळी बारखाली झोळीसारखी लोंबत राहिली. माझ्या बारला ५० ड्राइव्ह लिंकची, म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या ५० दुव्यांची, साखळी लागत होती आणि हातात ५२ लिंकची आली होती. साखळीची ओळख तीन आकड्यांनी होते. पहिला पिच, म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटमधले अंतर मोजून त्याचे निम्मे करावे तो आकडा. घरगुती करवतींत तो बहुधा कमी उंचीच्या ३/८ इंच प्रकारचा असतो, काही छोट्या करवतींत १/४ इंच आणि थोड्या मोठ्यांत ०.३२५ इंच. दुसरा गेज, म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या लिंकची जाडी, १.१ किंवा १.३ मिलिमीटर, आणि मोठ्या करवतींत १.५ किंवा १.६. तिसरा ड्राइव्ह लिंकची संख्या. हे तिन्ही आकडे बहुतेक बारवर, इंजिनाच्या बाजूच्या टोकाजवळ कोरलेले असतात. करवत घेतली त्याच दिवशी ते टिपून ठेवावेत, आणि ते आकडे ज्या दुकानात सांगितल्याबरोबर साखळी काढून दिली जाते तिथूनच करवत घ्यावी. भरवशाच्या विक्रेत्याची याहून सोपी परीक्षा मला माहीत नाही.

साखळीबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण करवत वाईट निघाली अशी जी तक्रार ऐकू येते तिचे मूळ बहुतेक वेळा बोथट साखळीत असते. आजच्या दात्याची घडण एका निरीक्षणातून आली आहे. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातला लाकूडतोड्या जोसेफ कॉक्स याने १९४६ मध्ये लाकूड पोखरणाऱ्या एका अळीला आपल्या जबड्यांनी डावी-उजवीकडे सहज कुरतडत जाताना पाहिले, आणि त्यावरून आलटून पालटून दोन्ही बाजूंना वळलेले दाते असलेली साखळी तयार करून पुढच्या वर्षी ती विकायला सुरुवात केली. आपल्या साखळीचा प्रत्येक दाता पाहिला तर तेच दिसते: एक डावा, एक उजवा, आणि प्रत्येकाच्या पुढे एक छोटा उंचवटा. हा उंचवटा, ज्याला डेप्थ गेज म्हणतात, दाता लाकडात किती खोल शिरेल हे ठरवतो, आणि तो दात्याच्या टोकापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असतो.

धार गेली आहे हे ओळखण्यासाठी भिंग लागत नाही. चांगली साखळी कापताना जाडसर ढलप्या उडवते. बोथट साखळी पिठासारखा बारीक भुसा काढते, आणि कापणाऱ्याला नकळत करवत खाली दाबावी लागते. दाबायची गरज वाटली की थांबावे. कानस घेऊन बसावे, ३/८ इंच कमी उंचीच्या साखळीला ४ मिलिमीटरची, ०.३२५ इंचाच्या साखळीला ४.८ मिलिमीटरची गोल कानस वापरावी, दात्यावर आखलेल्या तिरक्या रेषेच्या दिशेने म्हणजे बहुधा ३० अंशांत, आतून बाहेर, दर दात्याला सारखेच दोन-तीन घासे द्यावेत आणि परत येताना कानस उचलावी. एका बाजूचे दाते जास्त घासले गेले तर करवत सरळ न जाता एका बाजूला वळत जाते. घरगुती वापरासाठी अर्धगोल कोपऱ्याचे, म्हणजे सेमी-चिझल दाते असलेली साखळी घ्यावी. टोकदार कोपऱ्याची फुल-चिझल साखळी स्वच्छ लाकडात वेगाने कापते, पण सालीला चिकटलेल्या मातीने तिची धार चटकन जाते, आणि पडलेल्या झाडाला माती असतेच. एकदा तरी साखळी जमिनीला टेकतेच, म्हणून दुसरी धारदार साखळी पेटीत तयार असावी. माझ्या दृष्टीने करवतीबरोबर घ्यायच्या वस्तूंत हिचा पहिला क्रमांक लागतो.

साखळीला तेल मिळते की नाही हे पाहण्याची रीत जुनी आणि अचूक आहे. करवत चालू करून बारचे टोक एखाद्या फिकट रंगाच्या पुठ्ठ्यावर, न टेकवता, वीसेक सेंटिमीटर वर धरावे आणि वेग द्यावा. काही क्षणांत पुठ्ठ्यावर तेलाच्या थेंबांची रेघ उमटली पाहिजे. ती उमटली नाही तर तेलाचे छिद्र भुशाने बुजलेले आहे असे समजून बार काढून ते साफ करावे. हे तेल विजेच्या आणि बॅटरीच्या करवतींनाही लागते. त्यांना इंजिन नाही म्हणून तेल नको, अशा समजुतीने बार निळा पडेपर्यंत तापवलेली एक करवत मी पाहिली आहे.

सुरक्षेच्या बाबतीत घरगुती ग्राहकाने कोणतीही तडजोड मान्य करू नये. फिरत्या साखळीचा बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग लाकडाला लागला की दाते लाकडात अडकतात आणि करवत निमिषार्धात वर, कापणाऱ्याच्या चेहऱ्याकडे उसळते. हीच किकबॅक. ती हाताने थोपवता येईल अशी कल्पना कोणीही करू नये. पुढच्या मुठीसमोरचा संरक्षक दांडा हा चेन ब्रेकचा असतो आणि तो दोन प्रकारे लागतो: मनगट त्यावर आदळल्याने, आणि करवत झटक्याने उसळली तर केवळ जडत्वाने. घेताना हे दोन्ही आहेत का ते विचारावे. त्याशिवाय साखळी तुटली तर अडवणारा चेन कॅचर, आणि तळहाताने दाबल्याशिवाय वेग न देणारी सुरक्षा-कळ यांपैकी एक जरी नसेल तरी तो सौदा तिथेच सोडावा. कमी उसळीची म्हणून विकली जाणारी साखळी आणि टोकाशी निमुळता बार नवख्याला खरोखर उपयोगी पडतात.

करवतीच्या किमतीतून काही रक्कम वाचवून ती कापड, कान आणि डोळे यांसाठी वळवावी असे माझे ठाम मत आहे. कापापासून वाचवणाऱ्या पँट आयएसओ ११३९३ या मानकानुसार तपासल्या जातात, आणि त्यातला वर्ग १ म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाच्या साखळीसाठीची चाचणी. घरगुती करवतींच्या साखळीचा वेग साधारण याच आसपास असतो. या पँटच्या आतले लांब तंतू साखळीबरोबर ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकात, गुंततात आणि साखळी थांबते. विजेची मोटर मंद वेगातही पूर्ण जोर लावत असल्याने तिच्या बाबतीत ही अडवणूक तितकी खात्रीची नसते. म्हणून बॅटरीची करवत सौम्य आहे असे मानून तिच्याशी सैलपणे वागणे धोक्याचे आहे. पेट्रोलच्या करवतीचा आवाज कानाजवळ १०० डेसिबलच्या आसपास किंवा वर जातो, तेव्हा कानसंरक्षकाशिवाय ती सुरूच करू नये.

दुकानात करवत हातात आली की तिची परीक्षा घ्यायला दहा मिनिटे पुरतात. टाक्या भरलेल्या स्थितीत ती दोन्ही हातांनी कमरेएवढी उचलून धरावी आणि ती पुढे झुकते की मागे, हे पाहावे. मुठीत सैल सोडल्यावर बार किंचित खाली झुकणारी करवत सोईची असते. पेट्रोलची असेल तर थंड इंजिनावर सुरू करून दाखवायला सांगावे, आणि ती जमिनीवर ठेवून, मागच्या मुठीत पाय रोवून, ब्रेक लावूनच सुरू केली जाते का, यावर लक्ष ठेवावे. हवेत धरून झटक्याने दोरी ओढणारा विक्रेता सल्ला घेण्यालायक नाही. इंजिन मंद गतीवर आले की ब्रेक सोडलेला असतानाही साखळी निश्चल राहिली पाहिजे. ती सरकत असेल तर मंद गतीचा स्क्रू किंवा क्लच यांत दोष आहे. एअर फिल्टर हत्याराशिवाय निघतो का, ताणाचा स्क्रू बाजूने फिरवता येतो की बारच्या खाली आडवळणी जागी आहे, इंधनाची टोपी हातमोजे घालून उघडते का, या गोष्टी किरकोळ वाटतात, पण त्यांच्याशी गाठ प्रत्येक वापरात पडते.

नावाचा ठावठिकाणा नसलेल्या, पेटीवर ५० सीसीहून मोठे आकडे छापलेल्या स्वस्त करवतींविषयीही लिहिले पाहिजे, कारण घरगुती ग्राहकाला त्यांचा मोह सर्वांत जास्त पडतो. त्या कापत नाहीत असे नाही. माझ्या ओळखीच्या एका घरी अशी करवत दोन हंगाम चालली. मग तिच्या तेलाच्या पंपाची चाकी झिजली, आणि ती चाकी कोणत्या मॉडेलची म्हणून मागावी हेच कुणाला कळेना. पेटीवरचे नाव एक, इंजिनावरचा क्रमांक दुसराच, आणि दुकानदाराकडे दोन्हींची नोंद नाही. छोट्याशा भागासाठी अख्खे यंत्र अडगळीत गेले. ज्या करवतीच्या कार्ब्युरेटरचा पडदा, इंधनाची नळी, फिल्टर, क्लचचे स्प्रॉकेट आणि तेलाचा पंप हे पाच भाग मॉडेलच्या नावाने मागता येतात ती दहा-पंधरा वर्षे सहज साथ देते, मग तिची शक्ती थोडी कमी का असेना.

सध्या माझ्याकडे ३६ व्होल्टची बॅटरीवरची एक करवत आहे आणि ३१ सीसीच्या आसपासची पेट्रोलची एक. दहापैकी आठ वेळा हात पहिलीकडे जातो. एकच घ्यायची असती आणि मोठ्या जळणाचे काम नसते, तर मी बॅटरीची करवत दोन बॅटऱ्यांसह घेतली असती. कायमची वीज हाताशी आणि काम अंगणापुरते असेल तर तारेवरची. पेट्रोलची करवत मी त्यालाच सुचवेन जो महिन्यातून एकदा तरी ती चालवेल किंवा प्रत्येक हंगामानंतर टाकी रिकामी करण्याची शिस्त पाळेल.

ती शिस्त अशी. मिश्रण लागेल तेवढेच करावे. ५०:१ प्रमाणात १ लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल लागते, आणि तेलाच्या डब्यावर जेएएसओ एफडी (JASO FD) हा जपानी मानकाचा दर्जा लिहिलेला असावा. महिनाभराहून अधिक काळ करवत लागणार नाही असे दिसले की टाकीतले इंधन काढून घ्यावे आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत मंद गतीवर चालू ठेवावे, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. साखळीचा ताण सैल करावा, कारण गरम असताना ताणलेली साखळी थंड झाल्यावर आकुंचन पावून बार आणि शाफ्टवर ताण आणते. बार उलटा करून बसवावा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील. बॅटरीची करवत असेल तर बॅटरी काढून, साधारण निम्मी भरलेली, थंड आणि कोरड्या जागी ठेवावी, आणि दोन-तीन महिन्यांनी तिची पातळी पाहावी. ठेवल्या जागी बारमधून थोडे तेल गळतेच, तो बिघाड नव्हे. खाली एक जाड पुठ्ठा अंथरावा, आणि त्याच पुठ्ठ्यावर पुढच्या खेपेस काम सुरू करण्याआधी तेलाची रेघ उमटते का ते पाहून घ्यावे.